समुद्र गोव्याला, पेरणी धर्मापुरीला

मृग लागला की आपल्याकडं सगळ्यांच्या नजरा आभाळाला लागतात. धर्मापुरीत केदारेश्वराच्या देवळापाशी बसा, नाहीतर परळीच्या मोंढ्यात उभे राहा, बोलणं एकच : पेरावं का थांबावं? बियाण्याची पिशवी, खताची गोणी, ट्रॅक्टरचं भाडं एकदा मातीत गेलं आणि पावसानं दडी मारली, तर दुबार पेरणीचं कर्ज उरावर बसतं. अशा वेळी कुणी गोव्याच्या समुद्र संशोधन संस्थेची गोष्ट काढली, तर तुम्ही म्हणाल, ‘‘आपल्याला समुद्राचं काय घेणं-देणं? इथून कोकणचा किनारा साडेतीनशे किलोमीटरच्या पुढं!’’

घेणं-देणं आहे, आणि ते थेट खिशाशी आहे. कसं ते पाहा.

संस्था उभी कशी राहिली?

साठ वर्षांपूर्वीपर्यंत जगातल्या मोठ्या महासागरांत सर्वांत कमी माहिती होती ती आपल्या हिंदी महासागराची. ती उणीव भरून काढण्यासाठी आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम निघाली. १९६२ ते १९६५ या काळात भारतानं तिच्यात भाग घेतला. वेगवेगळ्या देशांची मिळून चाळीसच्या वर जहाजं या पाण्यात फिरली. आपल्या नौदलाची ‘किस्तना’ ही नौकाही त्यात होती. मान्सून समजून घेण्यासाठी १९६३ साली मुंबईत कुलाब्याला खास हवामान केंद्र सुरू झालं.

मोहीम संपली. पण जमवलेलं ज्ञान आणि तयार झालेली माणसं वाऱ्यावर सोडून चालणार नव्हतं. म्हणून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. डॉ. एन. के. पणिक्कर हे तिचे पहिले संचालक. कारभार सुरुवातीला दिल्लीतून चाले, पुढं संस्था गोव्यात आली. दोना पावल इथं तिचं मुख्यालय आहे, शिवाय मुंबई, कोची आणि विशाखापट्टणमला केंद्रं आहेत.

१९७६ साली संस्थेला ‘गवेषणी’ हे जहाज मिळालं. याच जहाजानं २६ जानेवारी १९८१ रोजी खोल समुद्राच्या तळावरून धातूंचे खडे वर काढले. त्याच वर्षी डिसेंबरात संस्थेचे माजी प्रमुख डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्यातून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तिथं पोचली. द्वारकेच्या समुद्रातल्या प्राचीन अवशेषांचा शोधही याच संस्थेनं घेतला.

या गोष्टींचे फोटो छापून आले, कौतुकही झालं. पण तुमच्या-आमच्या रानाशी संबंध आहे तो दुसऱ्याच कामाचा. जहाजावरून समुद्रात यंत्र सोडायचं, किती खोलीवर पाणी किती गरम, किती खारट, ते मोजायचं, आणि वर्षानुवर्षं मोजत राहायचं. हे काम कंटाळवाणं आहे, पण मान्सूनचं गणित त्याच्यावरच सुटतं.

दोन समुद्र, दोन स्वभाव

देशाच्या पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला बंगालचा उपसागर. दोन्ही एकाच अक्षांशावर, ऊन सारखंच. तरी पावसाळ्यात अरबी समुद्र थंडावतो आणि उपसागर तापलेलाच राहतो. असं का? २००२ साली संस्थेच्या शेणॉय, शंकर आणि शेट्ये या शास्त्रज्ञांनी दोन्ही समुद्रांच्या उष्णतेचा जमाखर्च मांडून याचं उत्तर दिलं.

अरबी समुद्रावर पावसाळी वारं फार जोराचं. ते पाणी घुसळून काढतं, खालचं गार पाणी वर येतं. उपसागरावर वारं त्या मानानं कमी, आणि पाऊस व नद्यांचं गोडं पाणी अफाट. गोडं पाणी हलकं, खारं पाणी जड. म्हणून गोड्या पाण्याचा थर वर तरंगत राहतो आणि खालच्या गार पाण्याला वर येऊ देत नाही. हा वरचा पातळ थर लवकर तापतो.

आता तापण्याचा आणि पावसाचा संबंध. पुण्यात जन्मलेल्या शास्त्रज्ञ डॉ. सुलोचना गाडगीळ यांनी सहकाऱ्यांसह १९८४ साली दाखवून दिलं, की समुद्राचं पाणी साधारण २८ अंशांच्या वर तापलेलं असेल, तरच त्याच्यावर पावसाळी ढगांचे मोठे समूह उभे राहतात. उपसागर पावसाळाभर त्या पातळीच्या वर असतो. म्हणून तिथं एकामागून एक कमी दाबाची क्षेत्रं तयार होतात आणि पश्चिमेकडं सरकतात. श्रावण-भाद्रपदात मराठवाड्याला भिजवणारा बराचसा पाऊस त्यांचाच. २०२५ च्या सप्टेंबरअखेर आपली पिकं पाण्याखाली घालणारा पाऊसही त्याच वाटेनं आला होता.

यात एक मौज आहे. धर्मापुरीच्या शिवारातलं पाणी कोणत्याही ओढ्यानं गेलं, तरी शेवटी गोदावरीलाच मिळतं आणि गोदावरी उपसागराला. म्हणजे उपसागर तापता ठेवणाऱ्या गोड्या पाण्यात आपलाही थेंबभर वाटा आहे. म्हणून पाणी अडवू नका, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. त्यातला नद्यांचा मोठा हिस्सा गंगा-ब्रह्मपुत्रेचा आहे.

कोळ्याला दिशा मिळते, शेतकऱ्याला काय?

समुद्राची माहिती रोज वापरात यावी म्हणून १९९९ साली हैदराबादला वेगळं केंद्र निघालं. कोळ्यांना ते बंदरनिहाय सांगतं : अमुक बंदरापासून अमुक दिशेला, इतक्या अंतरावर, इतक्या खोलीवर मासळी मिळण्याचा संभव आहे. ज्ञान वापरणाऱ्याच्या हाती कसं द्यावं, याचा हा चांगला नमुना आहे.

शेतकऱ्याचं काय? १९८८ पासून डॉ. वसंत गोवारीकरांच्या सोळा घटकांच्या मॉडेलवर साऱ्या देशाचा अंदाज निघे. २००२ साली अंदाज सर्वसाधारण पावसाचा होता, प्रत्यक्षात देशात १९ टक्के तूट आली. त्यानंतर पद्धत बदलली. २०१२ पासून ‘मान्सून मिशन’खाली पुण्याच्या संस्थेनं समुद्र आणि हवा एकत्र धरणारी मॉडेलं वापरात आणली. २०२४ च्या ऑक्टोबरात ग्रामपंचायतनिहाय अंदाज सुरू झाला. आकडा गावापर्यंत आला, ही चांगली गोष्ट.

पण तो समजावून सांगणारा माणूस? २०१८ पासून कृषी विज्ञान केंद्रांत जिल्हा कृषी हवामान कक्ष उघडले होते. देशात असे १९९ होते. २०२४ साली ते बंद करण्यात आले. म्हणजे आकडा पुढं आला आणि माणूस मागं गेला. ‘पाऊस किती पडेल’ यापेक्षा ‘आज पेरू का आठ दिवस थांबू’ हा शेतकऱ्याचा खरा प्रश्न असतो. आंध्रातल्या अनंतपूर भागात भुईमूग पेरणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्यांच्या अडचणी धरून डॉ. गाडगीळांनी नेमकं याच प्रश्नावर काम केलं होतं.

२०२५ चा मे आठवा. २४ मेला मान्सून केरळात आला, दोन दिवसांत मुंबईत. आणि मग जूनच्या मध्यापर्यंत रेंगाळला. लवकर आला म्हणून घाई करणाऱ्याला बियाणं गमवायचा धोका होता. तेव्हा गावागावांत सांगणारा कुणी हवा होता.

मागायचं काय?

तीन गोष्टी. पंचायतीचा हवामान अंदाज आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला आठवड्यातून दोनदा फळ्यावर लागला पाहिजे. कृषी सहायकानं तो पेरणीच्या दिवसांत पारावर वाचून, समजावून सांगितला पाहिजे. आणि बंद केलेली सल्ल्याची सोय तालुक्याला पुन्हा मिळाली पाहिजे, असा ठराव झाला पाहिजे. तोवर विद्यापीठाचा जुना नियम पाळा : ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण धरू नका.

समुद्र मोजायला सरकारी पैसा लागतो. तो आपलाही पैसा आहे, तेव्हा त्यातून निघालेल्या ज्ञानावर आपलाही हक्क आहे. १ मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. मृगाला तेव्हा जेमतेम पाच-सहा आठवडे उरलेले असतात.