जुनी पेटी आणि खोटी माया

आमच्या पूर्णेच्या उपासनेतील जुनी पेटी बदलण्याचा विषय निघाला की दोन पक्ष पडतात. तरुण म्हणतात, कीबोर्ड आणा. वडीलधारे म्हणतात, या पेटीवर आमची लग्ने लागली, आमच्या मृतांना आम्ही हिच्याच सुरांत निरोप दिला; तिला हात लावू नका. आम्ही वडीलधाऱ्यांच्या पिढीचे आणि पेटी राहावी याच मताचे. तरीही आज भांडावयाचे आहे ते प्रथम त्यांच्याशीच.

पेटी सदोष आहे, हे आधी कबूल करू या. पहिला दोष तिच्या जन्माचा. पॅरिसच्या दबँ यांनी 1842 साली हार्मोनियमचे पेटंट घेतले ते युरोपीय संगीतासाठी. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला मांडी घालून वाजविण्याजोगे रूप दिले. पण सप्तकाचे बारा समान भाग तेच राहिले. म्हणून तिचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधाराहून सुमारे 14 सेंटने, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याने, चढा लागतो. मींड तर तिला येतच नाही. अशाच आक्षेपांपायी आकाशवाणीने 1940 साली तिच्यावर बंदी घातली. ती 1971 मध्ये सैल झाली. तेवढ्या काळात भजन, कीर्तन आणि आपली भक्तिगीते तिच्याच आधाराने गायिली गेली. हा दोष आपण जाणून पत्करला आहे. तरुणांनीही ध्यानात घ्यावे, की कीबोर्डचे बारा स्वरही सामान्यतः त्याच समान अंतरांवर लावलेले असतात. शिवाय वीज गेली की तो मुका होतो.

दुसरा दोष मात्र आमच्या आळसाचा. भात्याला चीर पडली आहे, मधला पंचम भसाडा झाला आहे, पितळी सूर मेळातून उतरले आहेत. याला जुनेपणाचा गोडवा म्हणणे ही निव्वळ आत्मवंचना होय. सुराची पात टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो; फाटका भाताही बदलता येतो. कारागीर शोधावा लागतो आणि त्याचे दाम मोजावे लागतात, इतकेच. आठवणींना दाम पडत नाही, म्हणून आम्ही आठवणी पुढे करतो!

व्हॅटिकन परिषदेने 1963 साली ऑर्गनला मान देऊन इतर वाद्यांनाही उपासनेचे दार उघडले, परंतु ती पवित्र कार्यास योग्य असावीत या अटीवर. त्या अटीतून आमच्या हळवेपणाला सूट नाही. बेसूर पेटीमागे गाणारे मूल आधी बेसूर होते, मग गप्प बसते. मुलांच्या मौनाची किंमत देऊन कोणती आठवण आपण जपणार आहोत?

येत्या आगमनकाळापूर्वी वर्गणी काढून पेटी मेळवून घ्यावी, एवढीच आमची मागणी आहे. ज्या वाडवडिलांची म्हणून ती आपल्याला प्रिय आहे, त्यांनी ती आपल्या हाती दिली तेव्हा ती सुरात होती.