अंगाईचें घर आणि गायकवृंद

कॅनडांतील क्री लोकांची तान्ह्या मुलाची झोळी आमच्या वाचकभगिनींस परकी वाटणार नाहीं. दोन दोर समांतर ताणून बांधावयाचे, त्यांवर घोंगडीची घडी घालावयाची, दोर जवळ येऊं नयेत म्हणून आडव्या काठ्या बसवावयाच्या आणि आंत बाळ निजवून झोका द्यावयाचा. या झोळीस ते 'वेवेपिसन' म्हणतात. तिच्या हेलकाव्यासरशी गुणगुणलेल्या अंगाईंत शब्द थोडे असतात. पुष्कळदां तर नुसतीं नादमधुर अक्षरेंच. तरी बाळाच्या कानीं मातृभाषेचा पहिला नाद पडतो तो येथेंच.

म्हणूनच तिच्यावरील आघात घोर ठरला. सरकार व ख्रिस्ती धर्मसंस्था यांनीं चालविलेल्या निवासी शाळांनीं मुलें घरापासून तोडलीं आणि स्वभाषा बोलल्याबद्दल त्यांस शिक्षा केल्या. त्यांतील मुली पुढें माता झाल्या, तेव्हां कित्येकींच्या ओठीं अंगाईच उरली नव्हती. या शाळांबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनीं २००८ सालीं पार्लमेंटांत जाहीर क्षमा मागितली. २०२१ च्या शिरगणतींत क्री बोलूं शकणारे सुमारें ८६ हजार लोक आढळले.

अलीकडे तेथील गायकवृंद या अंगाया गाऊं लागले आहेत. हें चांगलें, पण सोपें नव्हे. गायकवृंदांत चार प्रकारचे आवाज एकाच वेळीं निरनिराळे स्वर धरतात आणि सर्वांस एका लेखी मापानें चालावें लागतें; आई मात्र बाळाचा डोळा लागेपर्यंत हवी तशी लय ओढते. शिवाय कांहीं गीतें विशिष्ट घराण्याचीं असतात. तीं परवानगीवांचून उचलणें हा अपहारच होय.

क्री वंशाचे संगीतकार अँड्र्यू बॅल्फोर यांस अर्भकावस्थेंतच जन्मदात्या कुटुंबापासून दूर नेण्यांत आलें. चर्चच्या गायकवृंदांत ते गाणें शिकले. आणि २०२२ सालच्या 'नगमो' या ध्वनिसंग्रहांत त्यांनीं इंग्लंडच्या जुन्या धर्मसंगीतास क्री व ओजिब्वे शब्द दिले. 'नगमो' म्हणजे 'गा'. हिरावलेली भाषा त्याच विद्येच्या साह्यानें परत मिळवितां येते, याचें हें उदाहरण आम्हांस फार मोलाचें वाटतें.

तथापि टाळ्यांनीं अंगाई जगत नाहीं. गायकवृंदानें त्या घरची संमति घ्यावी, उच्चार व अर्थ क्री भाषिक वडीलधाऱ्यांकडून शिकावे आणि शिकलेलें गीत त्यांच्या मुलाबाळांपर्यंत परत पोंचवावें. एखादी तरुण क्री माता तें तेथें ऐकून घरीं झोळीजवळ गुणगुणूं लागली, तर त्या गायनाचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.