फिरतीच्या धंद्याचा टायर : पकड, टिकाऊपणा आणि किंमत

आपल्या समाजातील मोठा वर्ग फिरतीच्या धंद्यावर जगतो. बागवान फळे घेऊन, मणियार बांगड्या घेऊन, आत्तार मसाले व सुगंधी माल घेऊन, कापडवाला गठ्ठे बांधून आठवडी बाजार गाठतो. गवंडी, सुतार, फिटर आपल्या अवजारांची पिशवी टाकून गावोगाव कामाला जातो. एके काळी हे सारे सायकलवर आणि एस.टी.च्या टपावर चालत असे. आज मोटारसायकल हीच या मंडळींची चालती दुकाने झाली आहेत.

या दुकानाचा हिशेब आपण कसा ठेवतो? पेट्रोलचा खर्च रोज डोळ्यांसमोर असतो. ऑइल बदलल्याची तारीख लक्षात राहते. पण टायरचा हिशेब आमच्या पाहण्यात तरी कोणी ठेवत नाही. टायर गोटा झाला, पंक्चरवाल्याने हात जोडले, की दुकानात जाऊन ‘सर्वांत स्वस्त कोणता?’ एवढा एकच प्रश्न विचारायचा ही आपली रीत. आमच्या मते ही रीत तोट्याची आहे आणि धोक्याचीही आहे.

आम्हाला हा धडा २०१७ साली मिळाला. जून महिना, रमजान चालू. रेडीमेड कपड्यांचे दोन गठ्ठे मागे बांधून आम्ही कराडहून चिपळूणला निघालो होतो. कुंभार्ली घाटात पावसाची पहिली सर आली आणि एका साध्या वळणावर मागचे चाक निसटले. वेग चाळीससुद्धा नव्हता. मनगटाचे हाड मोडले, सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये राहिला आणि ईदचा सगळा हंगाम बुडाला. टायरवर नक्षी तर भरपूर होती, मग झाले काय? नंतर एका जाणत्या मिस्त्रींनी टायरच्या बाजूवरचे चार आकडे दाखवले : ०९१०. म्हणजे २०१० सालच्या नवव्या आठवड्यात बनलेला टायर. तालुक्याच्या एका दुकानातून आम्ही तो २०१६ साली ‘नवा कोरा’ म्हणून, तीनशे रुपये कमी पडले या आनंदात घेतला होता. सहा वर्षे गोदामात पडून त्याचे रबर दगडासारखे झाले होते. तीनशे रुपये वाचले, हंगाम गेला.

तेव्हापासून आम्ही या विषयात लक्ष घातले. जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट म्हणजे पकड, टिकाऊपणा आणि कमी किंमत ही तिन्ही एका टायरात पूर्ण मिळत नाहीत. मऊ रबर रस्त्याला चिकटते, म्हणून पकड चांगली देते, पण लवकर झिजते. कडक रबर वर्षानुवर्षे चालते, पण ओल्या डांबरावर आणि घाटात दगा देते. रबरात सिलिका मिसळली की ओल्या रस्त्यावरची पकड सुधारते. काही टायरांत मधला पट्टा कडक आणि दोन्ही कडा मऊ ठेवतात. सरळ रस्त्यावर मधला भाग झिजतो आणि वळणावर कडा टेकतात, म्हणून ही सोय. पण अशा प्रत्येक सुधारणेचे पैसे गिऱ्हाइकाला मोजावे लागतात. मग निवड कशी करावी?

आमचे म्हणणे असे, की टायर किमतीवर घेऊ नये, दर हजार किलोमीटरला काय पडतो यावर घ्यावा. समजा, एक व्यापारी आठवड्याला चार बाजार करतो आणि दर फेरीला दीडशे किलोमीटर जातो. आठवड्याचे ६०० आणि पन्नास आठवड्यांचे ३०,००० किलोमीटर झाले. मागच्या चाकासाठी त्याच्यासमोर तीन टायर आहेत असे धरू. एक कडक रबराचा, १,८०० रुपयांचा, ३६,००० किलोमीटर चालणारा. दुसरा मध्यम, २,३०० रुपयांचा, २५,००० चालणारा. तिसरा मऊ, २,६०० रुपयांचा, १३,००० चालणारा. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. वाचकांनी आपल्या गावचे भाव आणि आपल्या गाडीचा अनुभव घालून हेच गणित पुन्हा करावे.

हजार किलोमीटरला कडक टायर ५० रुपये, मध्यम ९२ रुपये आणि मऊ २०० रुपये पडतो. वर्षाचा खर्च अनुक्रमे १,५००, २,७६० आणि ६,००० रुपये. आता कडक आणि मध्यम यांतला फरक पाहा. वर्षाला १,२६० रुपये, म्हणजे दिवसाला साडेतीन रुपयेसुद्धा नाहीत. अर्ध्या कप चहाच्या पैशासाठी आपण ओल्या रस्त्यावरची पकड विकतो आहोत. हा सौदा कोणताही शहाणा व्यापारी करणार नाही.

पण मऊ टायरसाठी त्याहून आणखी ३,२४० रुपये घालावेत काय? आमचे उत्तर, मागच्या चाकासाठी नको. फार मऊ टायरची खरी किंमत वसूल होते ती मोठ्या वेगात गाडी खूप कलवणाऱ्याला. आपण माल बांधून पन्नास-साठच्या वेगाने जाणारी माणसे. मागच्या चाकावर सगळा भार आणि इंजिनाची ओढ असते, तिथे मऊ रबर पेन्सिलीसारखे झिजते. म्हणून मागे मध्यम टायर घ्यावा.

पुढच्या चाकाची गोष्ट वेगळी आहे. ब्रेक दाबला की गाडीचे वजन पुढे येते आणि थांबवण्याचे मोठे काम पुढचा टायर करतो. हा टायर मागच्यापेक्षा हळू झिजतो, त्यामुळे तिथे थोडा मऊ आणि थोडा महाग टायर परवडतो. पुष्कळ लोक नेमके उलटे करतात. मागे नवा टायर घालतात आणि मागचा जुना पुढे घालता येईल का ते पाहतात. दोन्ही टायर शक्यतो एकाच कंपनीचे आणि गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या मापाचेच असावेत. एक रेडियल आणि एक साधा अशी जोडी लावू नये. रुबाबासाठी जाड टायर चढवला, तर गाडी वळायला जड होते आणि पेट्रोलही जास्त जाते.

पकडीचे महत्त्व ज्यांना पटत नाही, त्यांच्यासाठी एक साधे गणित. ताशी ६० च्या वेगात गाडी एका सेकंदाला साडेसोळा मीटरहून अधिक जाते. कोरड्या रस्त्यावर पकड ०.७ धरली, तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत सुमारे २० मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर ती ०.४ वर आली, तर ३५ मीटर लागतात. हे पंधरा मीटर म्हणजे समोरच्या ट्रकच्या मागे थांबणे आणि ट्रकच्या खाली जाणे यांतले अंतर आहे. पहिल्या पावसात रस्त्यावरचे ऑइल आणि धूळ वर येते, तेव्हा तर रस्ता साबणासारखा होतो.

टायर घेताना त्याच्या बाजूवर लिहिलेले वाचायला शिकावे. तिथे चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. टायर सहा महिने-वर्षाच्या आतला मागून घ्यावा. वापरातला टायर पाच वर्षांचा झाला की दरवर्षी जाणकाराला दाखवावा आणि दहा वर्षे झाली तर नक्षी कितीही असली तरी काढून टाकावा, असा मोठ्या कंपन्यांचाही सल्ला आहे. आयएसआयची खूण आहे की नाही ते पाहावे.

मापाच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर असते, उदाहरणार्थ ‘४८ पी’. आकडा हा भाराचा संकेत आहे. ४८ म्हणजे त्या टायरने जास्तीत जास्त १८० किलो पेलावे. ‘पी’ म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. आता आपल्या गाडीचा हिशेब करा. गाडीच्या वजनापैकी साधारण ५५ किलो मागच्या चाकावर, स्वाराचे ५० किलो आणि मागे बांधलेला ८० किलोचा गठ्ठा. बेरीज १८५. म्हणजे मर्यादा ओलांडली. असा टायर तापतो, आतले धागे सुटतात आणि एक दिवस भर रस्त्यात फुटतो. दोष मात्र आपण कंपनीला देतो.

हवेची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे आणि कोणी पाळत नाही. १०० सी.सी.च्या अनेक गाड्यांत मागच्या चाकाला एकट्यासाठी २८ आणि दोघांसाठी ४० च्या आसपास हवा सांगितलेली असते. आपण गठ्ठा बांधतो आणि हवा मात्र एकट्याचीच ठेवतो. हवा कमी असली की टायर कडांनी झिजतो, तापतो आणि पेट्रोल खातो. फार जास्त असली की मधोमध झिजतो आणि पकड कमी होते. आठवड्यातून एकदा, गाडी थंड असताना, हवा मोजून घ्यावी. यासारखी स्वस्त काळजी दुसरी नाही.

टायर केव्हा बदलावा? नक्षीच्या खाचांत रबराचे लहान उंचवटे असतात आणि त्यांच्या रेषेत बाजूवर ‘टी.डब्ल्यू.आय.’ ही अक्षरे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांना टेकली की टायरचे आयुष्य संपले. मोटार वाहन नियमांत दुचाकीसाठी किमान ०.८ मिलिमीटर नक्षी सांगितली आहे. पाणी बाजूला सारण्याचे काम या खाचाच करतात. म्हणून आमच्या मते मृगाआधी दोन मिलिमीटरहून कमी नक्षी उरली असेल, तर कायद्याच्या मर्यादेची वाट पाहू नये.

काही बंधू म्हणतील, बोलणे सोपे आहे, एकदम चार हजार आणायचे कोठून? प्रश्न खरा आहे. वरच्याच उदाहरणात मागचा टायर वर्षाला २,७६० रुपये पडतो. पुढचा १,५०० रुपयांचा टायर २५,००० किलोमीटर चालला, तर वर्षाला १,८०० रुपये. दोन्ही मिळून ४,५६० रुपये. वर्षाच्या २०० फेऱ्यांवर वाटले तर फेरीला २३ रुपये येतात. फेरी करून आल्यावर पंचवीस रुपये वेगळ्या डब्यात टाकावेत. ट्यूब आणि मजुरीही त्यातच निघेल. दुसरे म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जी.एस.टी. २८ वरून १८ टक्के झाला आहे. मूळ २,००० रुपयांच्या टायरवर दोनशे रुपये वाचतात. ते खिशात न घालता एक पायरी वरचा टायर घेण्यात घालावेत. पक्के बिल मात्र जरूर घ्यावे. टायर सदोष निघाला तर कंपनीकडे जायला तेच कामी येते.

शेवटी दोन शब्द आपल्याच टायरवाल्या आणि पंक्चरवाल्या बंधूंसाठी. या धंद्यात आपली पुष्कळ माणसे आहेत. त्यावरून हिणवणारेही आहेत, पण रात्री-अपरात्री रस्त्यावर अडकलेल्या माणसाला घरी पोहोचवणारा धंदा हलका कसा म्हणावा? धंद्याला कमीपणा येतो तो लबाडीने. गोटा झालेल्या टायरवर गरम लोखंडाने नव्या खाचा पाडून तो विकणे, गोदामातला जुना माल पॉलिश मारून नवा म्हणून देणे, बाजूला पडलेल्या भोकात पट्टी ठोकून ट्यूबलेस टायर ‘चालेल’ म्हणणे, हे प्रकार आम्ही पाहिले आहेत. खाचा पाडल्या की उरलेसुरले रबरही पातळ होते आणि गिऱ्हाइकाला मात्र वाटते की टायर नवा झाला. अशा टायरवरून जाणारा माणूस आपला जीव आपल्या हातात अमानत म्हणून देऊन गेलेला असतो. जुना माल असेल तर तारीख दाखवून, भाव कमी करून, कमी फिरणाऱ्यालाच द्यावा. खराब असेल तर भंगारात घालावा. त्या पैशात बरकत नाही, आणि गावात एकदा नाव गेले की ते कोणत्याही सवलतीने परत येत नाही.

गिऱ्हाइकाने चार आकडे वाचून घ्यावेत आणि दुकानदाराने विचारण्याआधीच दाखवावेत. एवढे झाले तरी पुढच्या पावसाळ्यात आपली बरीच माणसे बाजार करून धडधाकट घरी येतील.