मच्छीमाराचा भात, छोटा दस्तरखान

रमजान लागला की वर्तमानपत्रांत एक छायाचित्र हमखास येते. मुंबईत मिनारा मशिदीजवळची रात्रीची गर्दी, सळ्यांवर भाजणारे कबाब, कढईत फुगणारे मालपुवे. छायाचित्र खोटे नाही. पण वर्षानुवर्षे तेच पाहून शहरातल्या बिगरमुस्लिम वाचकाचा समज झाला आहे, की रमजान म्हणजे महिनाभराचा खाद्यमहोत्सव. आणि आता मुसलमानांचाही तसाच समज होऊ लागला आहे. इफ्तारला समोसे, भजी, कटलेट, फ्रूट चाट, लाल सरबत. मगरिबच्या नमाजनंतर बिर्याणी नाहीतर कोरमा. तरावीहहून परतल्यावर पुन्हा काहीतरी गोड. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण मराठी माणसाने स्वतःवरच केली आहे, पण तिच्या तडाख्यातून रोजेदारही सुटत नाही.

जास्त खाण्याने पोट बिघडते, हे सांगायला लेख नको. लेख हवा तो असर आणि मगरिब यांच्यामधल्या वेळेसाठी. असर म्हणजे दुपारनंतरची नमाज, मगरिब म्हणजे सूर्यास्ताची. रोजा सोडण्याआधीची ही घटका दुआ मागण्याची मानली जाते. घरातले पुरुष तेव्हा मशिदीत असतात, नाहीतर बाजारात खजूर निवडत असतात. मुले घड्याळाकडे पाहत असतात. आणि घरातली बाई, जिचाही रोजा आहे, जिच्याही घशाला कोरड पडली आहे, ती तापलेल्या तेलासमोर उभी असते. मीठ बरोबर आहे की नाही हे चाखून पाहण्याचीही सोय नाही. पहाटे सहरीसाठी सगळ्यांच्या आधी तीच उठलेली असते. दिवसभर नोकरी करून आलेली असली तरी यात फारसा फरक पडत नाही. मग तरावीहच्या वेळी ती भांडी घासत असते.

यावर ठरलेले उत्तर असे, की रोजेदाराला जेवू घालण्यात मोठा सवाब आहे. आहेच. पण हा सवाब पदार्थांच्या संख्येवर मोजला जातो, असे कुणी सांगितले? रोजा सोडायला खजूर आणि पाणी पुरते, ही तर प्रेषितांची रीत. त्यापुढचे सगळे माणसांनी वाढवलेले आहे, आणि माणसांनी वाढवलेले माणसांना कमी करता येते.

कमी करायचे म्हणजे बेचव खायचे, असे मात्र नव्हे. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईन आणि इजिप्तच्या बंदरांत, मासे आणि भाताचा एक पदार्थ घरोघरी होतो. त्याचे नाव सय्यादिया. उर्दू शायरी थोडीफार कानावर पडलेल्याला ‘सय्याद’ शब्द ओळखीचा असतो. बुलबुलला जाळ्यात धरून पिंजऱ्यात घालणारा पारधी तो. अरबीत सय्याद म्हणजे शिकारी आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी मासे मारणारा. तेव्हा सय्यादिया म्हणजे सरळसरळ मच्छीमाराचा भात. उर्दूत येता येता सय्याद खलनायक झाला. त्रिपोली आणि सैदाच्या बंदरात तो अजून चुलीवर भात ठेवतो.

हल्ली ‘मेडिटेरेनियन आहार’ म्हणून जे विकले जाते, त्यात ही बंदरे क्वचितच दिसतात. मॉलमध्ये या नावाखाली ऑलिव्ह तेलाची महाग बाटली मिळते, इटलीचा पास्ता मिळतो, ग्रीक म्हणवणारे दही मिळते. अमेरिकी संशोधक अँसेल कीज यांनी 1958 मध्ये सात देशांच्या तुलनेचा जो अभ्यास सुरू केला, त्यातून क्रीट बेटावरच्या माणसांचा आहार हृदयाला मानवणारा म्हणून जगापुढे आला. ही माणसे कष्टकरी खेडूत होती. धान्य, कडधान्य, भाजी, फळे, ऑलिव्हचे तेल, थोडी मासळी आणि क्वचित मटण, असे त्यांचे जेवण. युनेस्कोने 2010 मध्ये भूमध्य आहाराला मानवतेचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली ती स्पेन, इटली, ग्रीस आणि मोरोक्को यांच्या नावे. 2013 मध्ये त्यात सायप्रस, क्रोएशिया आणि पोर्तुगालची भर पडली. पोर्तुगालचा किनारा तर अटलांटिक महासागराला लागतो! लेबनॉन, सीरिया, इजिप्त मात्र त्या नोंदीत नाहीत. तांदळाला स्पॅनिश भाषेत ‘अरोस’ म्हणतात, तो शब्द अरबी ‘अर-रुझ्झ’वरून आला. स्पेनमध्ये भातशेती रुजवली ती अरबांनी. ताटातला भात ज्यांनी दिला, त्यांचीच नावे पाकिटावरून गळाली.

असो. भाताकडे वळू. चार माणसांसाठी दोन वाट्या तांदूळ, अर्धा किलोहून थोडी जास्त मासळी, तीन मोठे कांदे, लिंबू, लसूण, जिरे-धणे पूड, मिरपूड, चिमूटभर दालचिनी. बस्स. तांदूळ कोलम चालतो, बासमतीही चालतो. तो धुऊन भिजत घालावा. मासळी घट्ट मांसाची आणि कमी काट्यांची हवी. सुरमई, रावस, घोळ यांपैकी जी परवडेल ती. विक्रेत्याकडून डोके आणि शेपूट आवर्जून मागून घ्यावी, कारण निम्मी चव तिथे आहे. डोके, शेपूट, अर्धा कांदा आणि तमालपत्र पाच वाट्या पाण्यात घालून वीसेक मिनिटे मंद उकळावे आणि गाळून घ्यावे. तोवर तुकड्यांना मीठ, लिंबू, ठेचलेला लसूण आणि जिरेपूड चोळून ठेवावी.

या पदार्थाचा सगळा जीव कांद्यात आहे. पातळ उभे चिरलेले कांदे चार-पाच चमचे तेलात मध्यम आचेवर परतत राहायचे. गुलाबी झाले, सोनेरी झाले, तरी थांबायचे नाही. कोऱ्या चहासारखा गडद तपकिरी रंग यायला हवा. त्याच्या पुढे मिनिटभर गेले तर कांदा करपतो आणि भात कडू होतो. म्हणून ही पंधरा-वीस मिनिटे फोन दूर ठेवावा. बिर्याणी करणाऱ्या घरांत हा कांदा नवा नाही. त्याला बिरिस्ता म्हणतात आणि पुष्कळ घरांत तो रमजानच्या आधीच तळून डब्यात भरलेला असतो. तो असेल तर निम्मे काम झाले.

मूठभर कांदा वर पेरायला काढून ठेवावा. उरलेल्यात मसाले टाकून गाळलेले चार वाट्या पाणी ओतावे आणि पाच-सात मिनिटे उकळू द्यावे. कांदा पळीने चेचला की पाण्याला तांबूस रंग चढतो. हाच भाताचा रंग. केशर नको, खायचा रंग तर नकोच. मग निथळलेले तांदूळ आणि मीठ घालून, झाकण ठेवून मंद आचेवर पंधरा मिनिटे. शिजल्यावर दहा मिनिटे तसेच झाकून राहू द्यावे. त्याच वेळात तव्यावर दोन चमचे तेलात मासळीचे तुकडे दोन्ही बाजूंनी तीन-चार मिनिटे भाजून घ्यावे. भात परातीत पसरून त्यावर मासळी, वर कांदा, तळलेले बदामाचे काप आणि भरपूर लिंबू. तिकडे चिलगोजासारख्या पाईनच्या बिया घालतात. इथे बदाम, नाहीतर शेंगदाणेही चालतील. सोबत तिळाची चटणी. हलके भाजलेले तीळ लसूण, लिंबाचा रस आणि पाणी घालून दह्यासारखे पातळ वाटले की झाले. संक्रांतीचे उरलेले तीळ घरात असतातच.

पाऊण तास ते पन्नास मिनिटे. त्यातली तीस मिनिटे तरी भांडे आपले आपण शिजत असते. इफ्तारसाठी खजूर, पाणी आणि मसूर डाळीचे जिरे-लिंबू घातलेले सूप. मगरिबनंतर काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि हा भात. मसुराचे सूप अरब घरांतल्या रमजानमध्ये जवळपास रोज असते. तिकडेही सगळे काटकसरीचेच असते असे नाही. कुनाफा आणि कतायफ या त्यांच्या मिठाया आपल्या मालपुव्याला हार जाणार नाहीत. घ्यायचे ते निवडून घ्यावे.

घरांतून आक्षेप येतील, आणि त्यांत तथ्यही आहे. मासळीने तहान लागते, हा पहिला. तहान लागते ती मिठाने. खारवलेली सुकी मासळी सहरीला खाल्ली तर दुपारी त्रास होणारच. ताजी मासळी रात्री, हात राखून मीठ घालून खाल्ली तर होत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते; समोसे, वेफर आणि चाट मसाला यांतच ते संपून जाते. दुसरा आक्षेप मधुमेहाचा. त्यांनी भात अर्धी वाटी घ्यावा, मासळी आणि कोशिंबीर वाढवावी आणि रोजे धरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

महागाईचा आक्षेप सर्वांत खरा. घाटावरच्या गावात सुरमईचा भाव मटणाच्या पंगतीला जाऊन बसतो. तिथे सुरमईचा हट्ट नको. रोहू, कटला, मरळ, अगदी उजनीची चिलापीसुद्धा चालते. मच्छीमाराचा भात त्या दिवशी जाळ्यात जे आले त्याचा असतो. ऑलिव्ह तेलही नसले तरी चालेल. शेंगदाण्याचे तेल बेताने वापरले म्हणजे झाले. आणि ज्यांच्याकडे गुरुवार आणि संकष्टी पाळत नाहीत त्यांनी त्याच दिवशी बाजार गाठावा. गिऱ्हाईक कमी असते, घासाघीस करता येते.

कोळंबी घालायची का? हनफी पंथात समुद्रातल्या जीवांपैकी फक्त मासा खाता येतो. कोळंबी मासा की नाही यावर त्यांच्या उलेमांत मतभेद आहेत, खेकडा तर वर्ज्यच. शाफई पंथात असे बंधन नाही. कोकणी मुसलमान शाफई, म्हणून रत्नागिरी-रायगडच्या घरांत कोळंबीची खिचडी बिनदिक्कत होते आणि मराठवाड्यातून आलेली सून सुरुवातीला बिचकते. मासळीच्या बाबतीत मात्र सगळे एक आहेत. तिला जबीहाची, म्हणजे विधिवत कापण्याची, अट नाही. त्याचा एक फायदा क्वचितच बोलला जातो. शेजारच्या हिंदू घरातले बांगड्याचे कालवण मुसलमानाला न विचारता खाता येते, आणि मटण न खाणारे पण मासे खाणारे शेजारी इफ्तारनंतरच्या जेवणाला बिनधास्त येऊ शकतात. गावात एकमेकांकडे जेवायला जाणे कमी होत चालले असताना ही सोय लहान नाही.

याच भाताचे एक घर गाझा आहे. ओस्लो करारांत तिथल्या मच्छीमारांसाठी 20 सागरी मैलांची हद्द ठरली होती. त्यानंतरच्या बहुतेक वर्षांत इस्रायलने त्यांना त्याहून फार कमी अंतरावर अडवले. समुद्र दारात आणि मासळी हद्दीपलीकडे. रमजानमध्ये ज्यांच्यासाठी हात उचलले जातात, त्यांच्या ताटात काय होते आणि काय उरले नाही, हे ठाऊक असलेले बरे.

आता शेवटचा प्रश्न, हा भात कुणी करायचा? तोच पदार्थ त्याच बाईच्या गळ्यात टाकायचा असेल तर बिर्याणी काय वाईट? प्रेषित घरी असत तेव्हा घरच्यांच्या कामात असत, हे हजरत आयेशा यांनी सांगितलेले जुम्याच्या बयानात अनेकदा ऐकू येते. ऐकून घरी आलेले कितीजण कांदा चिरायला बसतात? या भाताला पोळ्या लाटण्याचे कसब लागत नाही, वाटण लागत नाही, दम द्यायचे टेन्शन नाही. भांडी तीन. कॉलेजात जाणारा मुलगा दुसऱ्या खेपेला तो नीट करू शकतो. आठवड्यातला एक रविवार घरातल्या पुरुषांनी घ्यावा. बाजारही त्यांनीच करावा, डोके-शेपूटही त्यांनीच मागून आणावी, ओटाही त्यांनीच पुसावा. असर झाली की घरातल्या बाईने मुसल्ला अंथरून निवांत बसावे. कांदा एखादवेळी करपेल. करपला तर तेवढा काढून टाकावा आणि नवा चिरायला घ्यावा. अजान व्हायला अजून अर्धा तास असतो.