काळा पडदा दिसला म्हणजे पोरगं हॅकर झालं असं नाही

मंडळी, पोराच्या मोबाईलवर काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं पळताना दिसली की घरात पहिला प्रश्न ठरलेला, "काय रे, हॅकिंग-बिकिंग करतोस की काय?" कॉलेजात सरांना दिसलं तर मोबाईल जप्त. आज यावरच लिहितोय, कारण हा आपल्या तालुक्यातल्या पोरापोरींच्या शिक्षणाचा प्रश्न आहे.

बहुतेक वेळा ते ॲप टर्मक्स असतं. फुकट आणि ओपन सोर्स. अँड्रॉइड मुळात लिनक्सच्या कर्नलवरच चालतं. टर्मक्स टाकलं की फोन रूट न करताही लिनक्सची कमांड लाइन हातात येते. 'पीकेजी इन्स्टॉल पायथन' एवढी एक ओळ टाकली की पायथन हजर. सी भाषेसाठी क्लँग आहे, शिवाय गिट आहे, एसक्यूलाइट आहे. बीसीए, बीसीएस, पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाचा बराचसा सराव यावर होऊ शकतो.

ज्या घरात सोयाबीनचे पैसे आले की आधी उधारी फिटते, तिथं लॅपटॉपचा नंबर कधी लागायचा? फोन मात्र घरात आहे.

अडचणी आहेतच. फोनच्या कीबोर्डवर कंट्रोल, टॅब, एस्केप सापडत नाहीत. पण टर्मक्सच्या सेटिंगच्या फाइलमध्ये बदल करून जादा बटणांची ओळ आपल्याला हवी तशी लावता येते. आवाज कमी करायचं बटण कंट्रोलचं काम करतं. ओटीजी लावून जुना यूएसबी कीबोर्ड जोडता येतो. रंग आणि फाँट बदलायला वेगळं ॲड-ऑन आहे. आपलं अवजार आपल्या हाताला बसेल असं करून घेणं, हेही शिक्षणच की! मोठी कामं मात्र यावर ओढली जात नाहीत, आणि अँड्रॉइड 12 पासून मागे चालणाऱ्या जास्तीच्या प्रोसेस सिस्टीम स्वतःच बंद करते. लॅपटॉपची पूर्ण जागा फोन घेणार नाही, हे मान्य.

आता पालकांची भीती. ती अगदीच खोटी नाही. टेलिग्रामवर, यूट्यूबखाली 'खास बनवलेलं' टर्मक्स आणि 'एका कमांडमध्ये वाय-फाय हॅक' असला माल फिरतो. न वाचता ती ओळ चिकटवली की दुसऱ्याचं राहू द्या, स्वतःचेच फोटो आणि ओटीपी जायची वेळ. दुसऱ्याच्या यंत्रणेत घुसलात तर आयटी कायद्याच्या कलम 66 खाली 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून ॲप एफ-ड्रॉइड किंवा प्रकल्पाच्या गिटहब पानावरूनच घ्या, ॲड-ऑनही त्याच ठिकाणाहून. आणि समजली नाही ती कमांड चालवायची नाही.

पण सुरीनं बोट कापतं म्हणून आपण स्वयंपाकघराला कुलूप लावत नाही. कसं धरायचं ते शिकवतो.

माझं म्हणणं एवढंच. आपल्या कॉलेजांनी दर शनिवारी एक तास द्यावा. पोरांनी आपापले फोन आणावेत, सरांनी समोर बसून शिकवावं. नवी लॅब नको, निधी नको, मंत्र्याच्या हस्ते उद्घाटनही नको. जप्तीपेक्षा हे स्वस्त पडेल.

कोणतं कॉलेज सुरुवात करतंय? कमेंटमध्ये सांगा. बातमी मी करतो.