कुशावर्तातले तीन मिलिग्रॅम

त्र्यंबकेश्वरी आलेला भाविक मंदिराच्या रांगेत उभा राहण्याआधी बहुधा कुशावर्तावर जातो. पायऱ्या उतरून बुडी मारतो, ओंजळीने आचमन करतो आणि घरी वाट पाहणाऱ्यांसाठी बाटलीत तीर्थ भरून घेतो. नारायण नागबळीसाठी आलेली कुटुंबे, पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला आलेले वारकरी, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला निघालेली तरुण मंडळी, साऱ्यांचा क्रम थोड्याफार फरकाने हाच. या पाण्याविषयी पुराणांनी पुष्कळ सांगितले आहे. संसदेच्या एका कायद्याखालीही त्याविषयी काही सांगून ठेवलेले आहे, पण ते आकड्यांत आहे आणि स्नानाला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक असते.

पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ साली झाला. त्याखालच्या नियमांत २००० साली सामूहिक स्नानाच्या पाण्याचे निकष घालण्यात आले. त्यानुसार अशा पाण्याची जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे बीओडी, लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी. विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम असावा. विष्ठेतून येणाऱ्या कोलिफॉर्म जिवाणूंची संख्या १०० मिलिलिटरमध्ये ५०० च्या आत असावी आणि कोणत्याही परिस्थितीत २५०० च्या वर जाऊ नये. त्र्यंबकच्या कुंडापासून पंचवटीच्या रामकुंडापर्यंत आणि पुढे पैठण, नांदेडच्या घाटांपर्यंत गोदावरीचे पाणी अंघोळीस योग्य की अयोग्य, हे याच आकड्यांवर ठरते.

या आकड्यांचा अर्थ अवघड नाही. पाण्यात मैला, निर्माल्य, दूध, पिठाचे गोळे असे काहीही सेंद्रिय पडले की सूक्ष्मजीव ते कुजवू लागतात आणि त्यासाठी पाण्यातला प्राणवायू वापरतात. ही भूक म्हणजे बीओडी. ती वाढली की प्राणवायू घटतो, मासे मरतात, पाण्याला वास येऊ लागतो. कोलिफॉर्म हे माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यांत राहणारे जिवाणू. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी असतात. पण ते पाण्यात सापडले याचा अर्थ विष्ठा तिथवर पोहोचली आहे. आणि विष्ठेबरोबर कॉलरा, विषमज्वर, हगवण, कावीळ यांचे जंतूही येऊ शकतात. १८६७ च्या हरिद्वार कुंभानंतर घरी परतणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेने कॉलरा उत्तर भारतभर पसरला होता. मेळ्यातले पाणी ही केवळ मेळ्यापुरती बाब राहत नाही, हे तेव्हापासून माहीत आहे.

येथे एक विसंगती लक्षात घ्यायला हवी. कायद्याने अंघोळीचे पाणी आणि पिण्याचे पाणी वेगळे धरले आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटरमध्ये विष्ठाजन्य जिवाणू एकही चालत नाही. भाविकाच्या लेखी मात्र पाणी एकच आहे. ज्यात तो बुडी मारतो, त्याचेच आचमन करतो आणि तेच आजारी माणसाच्या मुखी घालतो. म्हणजे कुशावर्ताचे पाणी अंघोळीच्या निकषात बसले तरी ते पिण्यासारखे झाले, असे होत नाही.

मग दिल्लीतल्या कायद्याचा अंमल एवढ्याशा गावातल्या कुंडापर्यंत पोहोचतो कसा? पाणी आणि सार्वजनिक आरोग्य हे दोन्ही राज्यघटनेने राज्यांकडे सोपवलेले विषय आहेत. त्यामुळे १९७४ चा जल प्रदूषण प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा संसदेने अनुच्छेद २५२ खाली केला. यात आधी राज्यांनी ठराव करून संसदेला तशी विनंती करायची असते आणि उरलेली राज्ये नंतर ठराव करून तो कायदा स्वीकारू शकतात. महाराष्ट्राने याआधीच, १९६९ मध्ये, स्वतःचा जलप्रदूषण कायदा केला होता आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले होते. केंद्राचा कायदा राज्याने १९८१ मध्ये स्वीकारला. या कायद्याच्या कलम २४ ने नदी-नाल्यात घाण सोडण्यास मनाई केली आणि कलम २५ ने सांडपाणी सोडणाऱ्या प्रत्येकाला मंडळाची संमती बंधनकारक केली. प्रत्येकात कारखाने जसे आले, तशा नगरपालिकाही आल्या.

खरी अडचण येथेच सुरू होते. त्र्यंबकेश्वरची स्थायी वस्ती २०११ च्या जनगणनेत जेमतेम बारा हजारांच्या घरात होती. पण गाव वर्षभर वाहते ते यात्रेकरूंवर. धर्मशाळा, लॉज, खानावळी यांचे सांडपाणी बाराही महिने निर्माण होते, आणि नगरपरिषदेला घरपट्टी मिळते ती बारा हजार वस्तीच्या गावाची. पर्वणीला तर गावात काही लाख माणसे उतरतात. कायदा नगरपरिषदेला जबाबदार धरतो. ती पार पाडण्यासाठी लागणारा पैसा, अभियंते आणि प्रयोगशाळा कुठून यायच्या, याचे उत्तर कायद्याच्या कलमांत नसते.

दुसरी अडचण भूगोलाची आहे. गोदावरी येथे उगम पावते. राजमहेंद्रीला जिचे पात्र समुद्रासारखे दिसते, ती नदी त्र्यंबकमध्ये एक ओढा आहे आणि उन्हाळ्यात तोही आटतो. छोट्या शहरांतल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी २०१७ च्या अधिसूचनेने लिटरमागे ३० मिलिग्रॅम बीओडीची मर्यादा घातली. अंघोळीच्या पाण्याची मर्यादा ३ आहे. मोठ्या नदीत प्रक्रिया केलेले पाणी मिसळून विरळ होते, म्हणून हा दहापट फरक खपून जातो. उगमाशी विरळ करायला पाणीच नसेल, तर केंद्र नियमात चालले आणि नदी नियमात बसली नाही, असे होऊ शकते. हेच पाणी पुढे गंगापूर धरणात जाते आणि ते धरण नाशिककरांची तहान भागवते. त्र्यंबकच्या गटाराचा प्रश्न त्यामुळे नाशिकच्या नळाचाही प्रश्न आहे.

तरीही या कायद्यांनी काहीच घडले नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल. गोदावरीच्या प्रदूषणाबाबत २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि न्यायालयाने उपाय सुचवण्याचे काम नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेकडे दिले. त्र्यंबकमध्ये नदीपात्र काँक्रीटखाली झाकले गेल्याचा प्रश्न पुण्याच्या राष्ट्रीय हरित लवादापुढे गेला. हा लवादही संसदेच्या २०१० च्या कायद्याने अस्तित्वात आला. हे कायदे नसते तर ज्या नागरिकांनी नदीसाठी दाद मागितली, त्यांना निवेदने देण्यापलीकडे काही करता आले नसते. जल कायद्याच्या कलम ४९ मध्ये १९८८ साली झालेल्या दुरुस्तीने तर साध्या नागरिकालाही साठ दिवसांची नोटीस देऊन न्यायालयात तक्रार करण्याची वाट खुली केली आणि अशा तक्रारदाराने मागितल्यास संबंधित अहवाल देणे मंडळावर बंधनकारक केले.

आता कायद्याचे स्वरूप बदलते आहे. १९७४ च्या कायद्यात नदी प्रदूषित करण्याला दीड ते सहा वर्षे तुरुंगवासाची शिक्षा होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये संसदेने केलेल्या दुरुस्तीने ती काढून दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतचा दंड आणला आणि तो ठरवण्याचे काम न्यायालयाऐवजी नियुक्त अधिकाऱ्याकडे दिले. दंड भरला नाही, तरच तुरुंगवासाची शक्यता उरते. मूळ कायदा राज्यांच्या विनंतीवरून झालेला असल्याने ही दुरुस्ती आधी हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली. इतर राज्यांना ती ठराव करूनच स्वीकारता येते.

या बदलाच्या बाजूने सांगण्यासारखे आहे. फौजदारी खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात, तर दंड लवकर वसूल होऊ शकतो. पण कारखान्याला झालेला दंड मालकाच्या खिशातून जातो, आणि नगरपरिषदेला झालेला दंड तिथल्याच रहिवाशांच्या करातून. गटारासाठी ठेवलेला पैसा दंडात गेला, तर नदी पूर्वीइतकीच घाण राहील आणि गाव आणखी गरीब होईल. सरकारी विभाग दोषी ठरल्यास विभागप्रमुखाच्या एका महिन्याच्या मूळ वेतनाएवढा दंड दुरुस्तीत आहे. कोट्यवधींच्या कामांपुढे ही रक्कम किती वचक बसवेल, याचा विचार राज्याने दुरुस्ती स्वीकारण्याच्या वेळी करायला हवा.

त्र्यंबकेश्वरपुढे कसोटी जवळ आली आहे. सिंहस्थाची पहिली मोठी पर्वणी २ ऑगस्ट २०२७ ला, दुसरी ३१ ऑगस्टला आणि त्र्यंबकची तिसरी १२ सप्टेंबरला आहे. तिन्ही दिवस भर पावसाळ्यातले. पावसाने नदीला पाणी येते, पण डोंगरउतारावरची, रस्त्यावरची आणि तुंबलेल्या गटारांतली घाणही त्याच पाण्याबरोबर येते. कुंडात क्लोरीन टाकला जाईल. मात्र गढूळ पाण्यात मातीच्या कणांआड जिवाणू लपतात आणि सेंद्रिय घाण क्लोरीन आधीच संपवून टाकते. म्हणून उपाय कुंडाच्या काठावर कमी आणि गटारांच्या तोंडाशी अधिक आहेत.

प्रयागराजचा अनुभव ताजा आहे. २०२५ च्या महाकुंभात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अनेक ठिकाणचे पाणी कोलिफॉर्मच्या निकषात बसत नसल्याचे हरित लवादाला कळवले. तो अहवाल फेब्रुवारीत चर्चेत आला, तेव्हा मुख्य स्नानांपैकी बहुतेक उरकली होती. राज्य सरकारने अहवाल फेटाळला, वाद रंगला आणि भाविकाला हवी असलेली माहिती वेळेवर मिळाली नाही. यात चाचणीचीही मर्यादा आहे. निकषातली बीओडीची चाचणीच तीन दिवस चालते आणि कोलिफॉर्मची खात्री करायलाही दोन-चार दिवस जातात. पर्वणीच्या सकाळी घेतलेल्या नमुन्याचा निकाल भाविक घरी पोहोचल्यावर येणार.

यावर मार्ग आहे. गढूळपणा, विरघळलेला प्राणवायू आणि शिल्लक क्लोरीन जागेवर काही मिनिटांत मोजता येतात. हे आकडे कुशावर्ताच्या काठी, मराठी आणि हिंदीत, दर दोन-तीन तासांनी फळ्यावर लावता येतील. प्रयोगशाळेचे निकाल आले की तेही तारखेसह तिथेच लावावेत, वाईट असले तरी. पाणी आचमनायोग्य नसेल तर शुद्ध पाण्याचे नळ शेजारी असावेत. मोजमाप आजपासून सुरू झाले, तर पर्वणीपूर्वी दोष कोणत्या नाल्यात आहे ते कळेल आणि दुरुस्तीला वेळ उरेल. पर्वणीच्या आठवड्यात सुरू झालेले मोजमाप फक्त वाद घालायला उपयोगी पडते.

संसदेने आकडा ठरवून दिला, राज्याने कायदा स्वीकारला, लवादाने आदेश दिले. आता तो आकडा खरोखर मोजण्याचे आणि सर्वांना दिसेल असा लावण्याचे काम त्र्यंबकमध्येच व्हायचे आहे. पुढच्या पिढीच्या ओंजळीत काय येईल, हे त्यावर ठरेल.