वाऱ्याचा जमाखर्च

सपाट रस्ता सोपा, हा समज सायकलवरून दूरचा प्रवास न केलेल्यांचा असतो. डोंगराचा चढ कितीही कठीण असला तरी त्याला माथा असतो आणि माथ्यापलीकडे उतार असतो. घातलेल्या श्रमांतील काही भाग तरी परत मिळतो. उघड्या गवताळ प्रदेशातील वारा असा कोणताही परतावा देत नाही. अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या पश्चिम भागातून जाणाऱ्या सायकलस्वारांच्या गटांना हा धडा दर उन्हाळ्यात नव्याने मिळतो.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याला १९७६ साली २०० वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने ‘बाइकसेंटेनियल’ हा उपक्रम योजण्यात आला. पश्चिमेकडील ओरेगनच्या किनाऱ्यापासून पूर्वेकडील व्हर्जिनियापर्यंत सुमारे ६,८०० किलोमीटरचा मार्ग आखला गेला आणि त्या उन्हाळ्यात सुमारे चार हजार सायकलस्वारांनी तो पूर्णतः अथवा अंशतः पार केला. ‘ट्रान्सअमेरिका’ या नावाने तो मार्ग आजही वापरात आहे. तंबू, भांडी आणि शिधा सायकलीवर लादून दहा-बारा जणांचे गट सुमारे तीन महिन्यांत ही मजल मारतात.

या प्रवासातील एक दिवस ट्रिब्यून ते डायटन असा असतो. अंतर सुमारे ११० किलोमीटर. ट्रिब्यून समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंच आहे आणि डायटन त्याहून अडीचशे मीटर खाली. एवढा उतार एवढ्या अंतरात विरून जातो; पायांना तो जाणवतच नाही. जाणवतो तो वारा. सकाळी तो मंद असतो, ऊन चढू लागले की जोर धरतो. म्हणून गट उजाडण्यापूर्वीच तंबू गुंडाळतो. त्यात आणखी एक अडचण अशी की, ट्रिब्यूनचे घड्याळ पुढील गावांच्या घड्याळापेक्षा एक तास मागे असते. पूर्वेकडे निघालेल्याचा एक तास जिल्ह्याच्या सीमेवरच खर्ची पडतो.

पहिले गाव लिओटाय, मग स्कॉट सिटी, शेवटी डायटन. प्रत्येक दोन गावांमध्ये पस्तीस ते चाळीस किलोमीटरचे अंतर, आणि मध्ये ना दुकान, ना सावली. जुलैच्या सुरुवातीस दोन्ही बाजूंना गव्हाची कापणी चालू असते. दूरवर धान्याच्या कोठाराचे उंच पांढरे मनोरे दिसतात आणि गाव आलेच असे वाटते. प्रत्यक्षात ते मनोरे दहा-पंधरा किलोमीटरवरून दिसत असतात. नवखा सायकलस्वार मनोरा पाहून उरलेले पाणी पिऊन टाकतो. अनुभवी मनुष्य बाटलीचा तळ राखून ठेवतो.

स्कॉट सिटीला दुपार होते आणि खरा प्रश्न तेथे उभा राहतो. वारा आता आग्नेयेकडून, म्हणजे अर्धा समोरून व अर्धा उजवीकडून येत असतो. वारा नसताना ताशी २० किलोमीटरने जाणाऱ्याला हवेचा जितका विरोध होतो, त्याच्या चौपट विरोध तेवढ्याच वेगाचा वारा समोरून आल्यास होतो. पश्चिमेस ढग दाटू लागले तर गारांचे भय वेगळे. गटातील तगड्यांना वाटते, तास-दोन तासांत डायटन गाठू. एखाद्या थकलेल्या सोबत्याचा चेहरा मात्र वेगळेच सांगत असतो. ‘तुम्ही पुढे व्हा, मी सावकाश येतो,’ असे तोही संकोचाने म्हणतो. हे वाक्य ऐकायला समंजस वाटते, पण या प्रदेशात त्याची किंमत फार मोठी असते.

कारण वाऱ्याचा हिशेब एकट्याला परवडत नाही. पुढच्या सायकलीच्या मागे हातभर अंतर राखून चालणाऱ्याला हवेचा विरोध एक-चतुर्थांशाहून अधिक कमी होतो. हा आडोसा चार-सहा मीटर मागे पडताच बराचसा नाहीसा होतो, आणि तो पुन्हा गाठण्यासाठी सर्वांत जास्त शक्ती त्यालाच लागते, जिच्यापाशी ती सर्वांत कमी उरलेली असते. म्हणून थकलेल्याला शेवटी ठेवणे हे औदार्य नव्हे. जाणता म्होरक्या त्याला रांगेत दुसऱ्या किंवा तिसऱ्या जागी घेतो, वेग त्याच्या बेताने ठरवतो, आणि शेवटी एक भक्कम सायकलस्वार नेमतो. सशक्त मंडळी दोन-दोन किलोमीटर पुढे राहून पाळी बदलतात. थकलेल्याची पाळी येत नाही, आणि त्याबद्दल कोणी बोलतही नाही.

तरीही आडोशाला मर्यादा असते. वारा उजवीकडून असला की आडोसा डावीकडे मागे पडतो, आणि डावीकडे तर वाहनांची वाट असते. कापणीच्या दिवसांत धान्याचे ट्रक सतत धावत असतात. मागून आवाज येताच शेवटचा ओरडून इशारा देतो आणि सगळे पुन्हा रस्त्याच्या कडेला एका ओळीत येतात. सोय आणि सुरक्षितता यांत निवड करण्याची वेळ आली की सोय सोडावी लागते. ढग फारच काळवंडले तर स्कॉट सिटीतच मुक्काम करण्याचा निर्णयही तितक्याच शांतपणे घ्यावा लागतो. हुकलेले चाळीस किलोमीटर पुढे भरून निघतात.

वेळ साधली तर संध्याकाळी डायटनच्या उद्यानात तंबू उभे राहतात. त्या दिवशी ज्या दोघांची स्वयंपाकाची पाळी असेल, ते सामायिक थैलीतील पैसे घेऊन, दुकान बंद होण्यापूर्वी सामान आणतात. कोण काय खातो, काय खात नाही, हे त्यांना लक्षात ठेवावे लागते. जेवणानंतर नकाशा पसरून उद्याचा बेत ठरतो आणि थैलीचा हिशेब पैशापर्यंत जुळवला जातो.

रोजनिशीत मात्र प्रत्येकाच्या नावावर ११० किलोमीटरच पडतात. कोणी किती वेळ पुढे राहून वारा झेलला, याचा रकाना त्या वहीत नसतो. तो हिशेब ज्याला दुसऱ्या-तिसऱ्या जागी ठेवून आणले, त्याच्याच मनात राहतो. आणि चार दिवसांनी पायांत बळ आले की तो न सांगता पुढे जाऊन त्याची फेड करू लागतो.